निरोगी अवयवावर शस्त्र कशासाठी?

एका स्तनात कर्करोगाची गाठ निघाली म्हणून दुसरा, सर्वस्वी निरोगी असलेला स्तनही कापून टाकायचा, ही कल्पना सामान्य माणसाला प्रथमदर्शनी अघोरी वाटेल. परंतु जगातील सर्वांत प्रगत वैद्यकसेवा आपल्याकडे आहे, असे अभिमानाने सांगणाऱ्या अमेरिकेत गेल्या पाव शतकात हीच गोष्ट रूढ झाली. तिला 'प्रतिबंधक स्तनच्छेदन' असे भारदस्त नाव मिळाले, वृत्तपत्रांतून तिचे कौतुक झाले आणि ती करवून घेणारी स्त्री धाडसी ठरू लागली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, ही आपल्याकडची म्हण आपण आजवर मूर्ख माणसांच्या कारभाराला लावत आलो. आता ती शंभर शंभर खाटांच्या झगमगीत रुग्णालयांनाही लावावी लागेल.

हा विषय नाजूक आहे आणि तो ज्यांच्या वाट्याला येतो, त्या भगिनींच्या दुःखाची चेष्टा करण्याचा विचार कोणाच्याही मनाला शिवू नये. कर्करोगाचे निदान ऐकताच जिच्या पायाखालची जमीन सरकली आहे, ती स्त्री 'डॉक्टर, दोन्ही काढून टाका, पण मला वाचवा' असे म्हणते, तेव्हा तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. प्रश्न तिच्या मागणीचा नाही. त्या मागणीला मिळणाऱ्या उत्तराचा आहे. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे, ज्याच्या हातात शस्त्र आहे आणि ज्याने रुग्णाचे अहित न करण्याचे व्रत घेतले आहे, तो त्या घटकेला काय सांगतो, यावर सारे अवलंबून आहे.

आकडे काय सांगतात?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एकाच स्तनात कर्करोग झालेल्या आणि तो शरीरात दूरवर पसरलेला नसलेल्या कॅलिफोर्नियातील सुमारे १ लाख ९० हजार स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९८ साली अशा शंभर स्त्रियांपैकी दोघींनी दोन्ही स्तन काढून घेतले होते. २०११ साली ही संख्या शंभरात बारांच्या वर गेली. चाळिशीच्या आतील तरुण स्त्रियांमध्ये तर हे प्रमाण ३.६ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे दर तीन तरुण रुग्णांमागे एकीने आपला निरोगी अवयव शस्त्राच्या स्वाधीन केला. अमेरिकेतील नोंदींवर आधारलेला आणखी एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००२ साली ३.९ टक्के असलेले हे प्रमाण २०१२ साली १२.७ टक्के झाले होते. दहा वर्षांत तिपटीहून अधिक वाढ!

बरे, एवढे करून पदरात काय पडले? या दोन्ही अभ्यासांचे उत्तर एकच आहे. आयुष्य वाढले नाही. कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात केवळ गाठ काढून, स्तन राखून, किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया आणि दोन्ही स्तन काढलेल्या स्त्रिया यांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही.

यावर कोणी म्हणेल की, दहा वर्षांचा काळ अपुरा आहे, अधिक वाट पाहायला हवी होती. तीही पाहून झाली. २०२४ साली टोरांटो येथील संशोधकांनी अमेरिकेतील सहा लाख साठ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यातून वय, रोगाची अवस्था, उपचार अशा सर्व बाबतींत एकमेकींशी जुळणाऱ्या स्त्रियांचे तीन गट पाडले. प्रत्येक गटात ३६ हजार २८ स्त्रिया होत्या. पहिल्या गटाची फक्त गाठ काढलेली होती, दुसऱ्याचा रोगग्रस्त स्तन काढलेला होता आणि तिसऱ्याचे दोन्ही स्तन काढलेले होते. वीस वर्षांच्या काळात स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात १६.७ टक्के आणि तिसऱ्यातही १६.७ टक्केच निघाले.

हा अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती लपवून चालणार नाही. दुसऱ्या स्तनात नव्याने कर्करोग होण्याचे प्रसंग दोन्ही स्तन काढल्याने खरोखरच कमी झाले. पहिल्या गटात असे ७६६ प्रसंग घडले, दुसऱ्यात ७२८ आणि तिसऱ्यात केवळ ९७. म्हणजे दुसरा कर्करोग टळतो, हे खरे. परंतु मृत्यू टळत नाही, हेही तितकेच खरे. आणि ज्या गोष्टीचे एवढे भय बाळगले जाते, तो दुसऱ्या बाजूचा कर्करोग वीस वर्षांत शंभरातील सात स्त्रियांनाच झाला. उरलेल्या त्र्याण्णव जणींच्या बाबतीत त्या निरोगी अवयवाने कोणताही अपराध केलेला नव्हता.

असे का घडते?

एक धोका कमी होतो आणि तरीही आयुष्य वाढत नाही, हे कोडे वाटेल. त्याचे उत्तर कर्करोगाच्या स्वभावात आहे. स्तनातील गाठ स्तनात राहिली, तर ती जीव घेत नाही. तिच्यातून निसटलेल्या पेशी रक्तावाटे हाडांत, यकृतात, फुप्फुसांत किंवा मेंदूत जाऊन वाढतात, तेव्हा प्राणावर बेतते. ज्या स्त्रीचा मृत्यू ओढवतो, तो बहुतांशी या पहिल्या गाठीच्या प्रसारामुळे. चोर घरातून निसटून गावात शिरला असेल, तर शेजारच्या रिकाम्या घराची कौले उतरवून तो सापडायचा नाही. शिवाय एकदा कर्करोग झालेली स्त्री दरवर्षी तपासणीला जात असते. दुसऱ्या बाजूला गाठ झालीच, तर ती बहुधा लहान असतानाच सापडते. ज्यांच्या गाठी संप्रेरकांवर पोसल्या जातात, त्या स्त्रियांना पाच किंवा अधिक वर्षे टॅमॉक्सिफेनसारखी गोळी दिली जाते. पहिल्या रोगासाठी दिलेली ही गोळी दुसऱ्या बाजूच्या कर्करोगाचा धोकाही एक-तृतीयांशाहून अधिक कमी करते. जे काम गोळी करते, त्यासाठी सुरी उचलण्याची घाई का?

ऐंशी वर्षांचा धडा आणि त्याचे विस्मरण

'जितके जास्त कापू, तितके रुग्ण सुरक्षित' ही समजूत आजची नाही. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील विख्यात शल्यचिकित्सक विल्यम हाल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक शस्त्रक्रिया रूढ केली. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढून टाकल्या जात. स्त्रीच्या छातीच्या फासळ्यांवर केवळ कातडी उरे, हात सुजून जन्माचा अधू होई. तरी जवळजवळ ऐंशी वर्षे जगभर हीच शस्त्रक्रिया प्रमाण मानली गेली. हाल्स्टेड अत्यंत कुशल होते, प्रामाणिकही होते. परंतु कमी कापून चालते का, हे तुलना करून तपासावे, असे अनेक दशके कोणाला वाटले नाही.

ते तपासले पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर आणि मिलानच्या उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी. सत्तरच्या दशकात या दोघांनी आपापल्या देशांत रीतसर चाचण्या सुरू केल्या. आपल्याच व्यवसायबंधूंची टीका त्यांना सोसावी लागली. दोघांच्याही चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. फिशर यांच्या चाचणीत १,८५१ स्त्रिया होत्या, व्हेरोनेसी यांच्या चाचणीत ७०१. निष्कर्ष एकच होता. प्रारंभिक अवस्थेत गाठ काढून किरणोपचार दिलेली स्त्री, संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रीइतकीच जगते. त्याच्याही आधी, १९९० साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञपरिषदेने स्तन राखणारी शस्त्रक्रिया अधिक श्रेयस्कर ठरवली होती.

आता या इतिहासातला विरोधाभास पाहा. रोगग्रस्त स्तनसुद्धा पूर्ण काढण्याची गरज नाही, हे सिद्ध करण्यात विज्ञानाने एका पिढीचे आयुष्य खर्ची घातले. हजारो स्त्रियांनी त्या चाचण्यांत विश्वासाने भाग घेतला. आणि ज्या दशकात ते निर्विवादपणे सिद्ध झाले, त्याच दशकात निरोगी स्तनही काढण्याची लाट आली! ज्ञान पुढे गेले आणि आचरण मागे फिरले. यास प्रगती म्हणावयाचे काय?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस

या लाटेचे मूळ भयात आहे. २०१३ साली अमेरिकेत एक लहानसा परंतु फार बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस किंवा त्याहून कमी वयात कर्करोग झालेल्या आणि दुसरा निरोगी स्तनही काढून घेतलेल्या १२३ स्त्रियांना त्यांची कारणे विचारण्यात आली. ९४ टक्के जणींनी 'अधिक जगता यावे' हे महत्त्वाचे कारण सांगितले. परंतु 'ही शस्त्रक्रिया केल्याने स्त्रिया अधिक जगतात का?' असे विचारल्यावर केवळ १८ टक्के जणींनी होकारार्थी उत्तर दिले. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांना ठाऊक होते की, याने आयुष्य वाढत नाही. तरीही आयुष्य वाढावे म्हणूनच त्यांनी ते केले! आणि ज्यांच्या जनुकांत दोष नव्हता, त्यांनीही दुसऱ्या बाजूच्या कर्करोगाचा धोका वास्तवापेक्षा कितीतरी अधिक धरला होता.

यात त्या स्त्रियांची बुद्धी उणी पडली, असे नाही. भयाला गणित कळत नाही. म्हणूनच भयग्रस्त माणसाजवळ गणित जाणणारा, शांत डोक्याचा आणि त्याचे हित पाहणारा दुसरा माणूस असावा लागतो. आपल्याकडे घरात आजारपण आले की थोरली जाऊ, मामा, ओळखीचे वैद्य असे चार जण जमतात, ते उगाच नव्हे. भय वाटून घेतले की हलके होते. एकट्या रुग्णासमोर संमतिपत्र ठेवून 'निर्णय तुमचा' म्हणणे, यात तिचा सन्मान किती आणि आपली जबाबदारी झटकणे किती, याचा विचार व्हावा.

अपवाद कोणाचा आणि नियम कोणाचा?

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. काही स्त्रियांच्या बाबतीत दुसरा स्तन काढणे योग्य असू शकते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष वारशाने आलेल्या स्त्रिया त्यांत प्रमुख आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पहिल्या कर्करोगानंतर वीस वर्षांत दुसऱ्या बाजूलाही कर्करोग होण्याचा संभव बीआरसीए-१ दोष असलेल्यांत ४० टक्के, तर बीआरसीए-२ दोष असलेल्यांत २६ टक्के आहे. अशा स्त्रियांत दोन्ही स्तन काढल्याने आयुष्य वाढल्याची नोंदही २०१४ सालच्या एका अभ्यासात आहे. आई, मावशी, बहीण यांना तरुणपणी हा रोग झाला असेल, तर जनुकांची तपासणी आणि तज्ज्ञांचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे.

हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोली हिचे उदाहरण या प्रकारात मोडते. १४ मे २०१३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून तिने आपले दोन्ही स्तन काढल्याचे जाहीर केले. तिला कर्करोग झालेला नव्हता. तिच्यात बीआरसीए-१चा दोष होता, तिची आई छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेली होती आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका ८७ टक्के असल्याचे डॉक्टरांनी तिला सांगितले होते. तिचा निर्णय तिच्या परिस्थितीत समजण्यासारखा होता आणि तिने तो संयमाने मांडला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु प्रसिद्धीच्या वावटळीत बारकावे उडून जातात. लेख प्रसिद्ध झाल्यानंतरच्या अवघ्या पंधरा कामाच्या दिवसांत अमेरिकेत या जनुकतपासणीचे प्रमाण ६४ टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी असा जनुकीय दोष असणाऱ्या स्त्रिया शंभरात पाच-दहाच असतात. त्या पाच-दहा जणींना लागू पडणारी गोष्ट नव्वद जणींनी आपली मानावी, असे वातावरण मात्र तयार झाले. अपवादाला नियमाचे कपडे चढवले की असा अनर्थ होतो.

'माझे शरीर, माझा निर्णय'

या भूमिकेवर एक आक्षेप हमखास घेतला जातो. शरीर स्त्रीचे आहे, निर्णयही तिचाच असावा, त्यात इतरांनी नाक खुपसण्याचे कारण काय? आक्षेप वजनदार आहे. स्त्रीच्या देहाविषयी तिला न विचारता निर्णय घेतले जात होते, तो काळ फार दूर गेलेला नाही. हाल्स्टेडच्या काळात स्त्रीला भूल देऊन, गाठ तपासून, ती शुद्धीवर येण्यापूर्वीच स्तन काढून टाकला जाई. त्या अन्यायाविरुद्ध स्त्रियांनी आवाज उठवला, तो योग्यच होता.

परंतु निर्णय स्वतंत्र केव्हा म्हणावा? माहिती पुरी असेल आणि मन थाऱ्यावर असेल, तेव्हाच. जॉर्जिया राज्य व लॉस एंजेलिस परिसरातील रुग्णांच्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. दुसरा स्तन काढण्याचा विचार केलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम ३८ टक्के जणींना ठाऊक होते की, याने आयुष्य वाढत नाही. उरलेल्या ६२ जणींचा निर्णय चुकीच्या किंवा अपुऱ्या माहितीवर उभा होता. त्याला स्वातंत्र्य म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे.

याच पाहणीतील पुढचा आकडा तर प्रत्येक शल्यचिकित्सकाने आपल्या खोलीत लावून ठेवावा. जनुकीय दोष किंवा इतर मोठा धोका नसलेल्या ज्या स्त्रियांना त्यांच्या डॉक्टरांनी 'हे करू नका' असे स्पष्ट सांगितले, त्यांच्यापैकी दोन टक्क्यांहून कमी जणींनी निरोगी स्तन काढला. जेथे डॉक्टरांनी काहीच मत दिले नाही, तेथे १९ टक्के जणींनी तो काढला. म्हणजे डॉक्टरांच्या एका वाक्याने दहापैकी नऊ शस्त्रक्रिया टळू शकतात! तटस्थ राहणे हेही येथे एक प्रकारचे कृत्यच ठरते. त्याच परिसरातील डॉक्टरांच्या अभ्यासात असेही दिसले की, स्तन राखण्याच्या बाजूचे आणि दुसरा स्तन काढण्यास नाखूश असलेले शल्यचिकित्सक लाभल्यास शंभरात चौघींवर ही शस्त्रक्रिया होते, तर दुसऱ्या टोकाच्या शल्यचिकित्सकांकडे ती ३४ जणींवर होते. रोग तोच, रुग्ण तशीच. दार तेवढे वेगळे. मग निर्णय नेमका कोणाचा?

मनःशांतीचे कारणही पुढे केले जाते. ही शस्त्रक्रिया केलेल्या बहुसंख्य स्त्रिया नंतर समाधानी असतात, हे खरे आहे. परंतु मनाच्या व्यथेवर शरीराचा अवयव हा उतारा नव्हे. मनःशांतीची किंमतही मोजली पाहिजे. शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंवर झाली की जंतुसंसर्ग, रक्तस्राव, जखम न भरणे यांचा संभव वाढतो. जखम चिघळली, तर खऱ्या जीवरक्षक उपचाराला, म्हणजे केमोथेरपीला, विलंब होतो. छातीची संवेदना जाते आणि बहुधा परत येत नाही. तरुण स्त्रीला पुढे मूल झाले, तर त्याला ती पाजू शकत नाही. स्तनाची पुनर्रचना करावयाची, तर एकामागून एक शस्त्रक्रिया. त्यासाठी बसवलेले कृत्रिम रोपण जन्मभर टिकत नाही. २०१९ साली तर खरखरीत पृष्ठभागाची काही रोपणे एका दुर्मीळ प्रकारच्या लिम्फोमा या कर्करोगाशी निगडित आढळल्यामुळे जगभरातून परत मागवावी लागली. कर्करोगाच्या भयाने अवयव काढावा आणि त्या जागी बसवलेल्या वस्तूने कर्करोगाचीच नवी धास्ती घरात आणावी!

पैसा कोठे जातो, तेही पाहावे

प्रत्येक गोष्टीत कटकारस्थान शोधण्याची सवय बरी नव्हे. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या संघटनेनेच २०१६ साली स्पष्ट भूमिका घेतली की, सर्वसाधारण धोका असलेल्या रुग्णांना दुसरा निरोगी स्तन काढण्यापासून परावृत्त करावे. व्यवसायातील विवेक जागा आहे, याची ही खूण आहे. परंतु ज्या व्यवस्थेत प्रत्येक अधिकची तपासणी, अधिकची शस्त्रक्रिया आणि अधिकचे रोपण कोणाच्या तरी खात्यात जमा होते, त्या व्यवस्थेत संयमाला आश्रयदाता कोण? कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात दोन्ही स्तन काढण्याचे प्रमाण खाजगी विमा असलेल्या गौरवर्णीय स्त्रियांत आणि नामांकित कर्करोग केंद्रांत अधिक आढळले, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी सरसकट एमआरआय काढण्याची पद्धत पडली, त्यात निरुपद्रवी ठिपके दिसू लागले आणि घाबरलेली स्त्री 'दोन्हीच काढा' म्हणू लागली. बीआरसीए जनुकांवर तर एका कंपनीने पेटंटच मिळवले होते! माणसाच्या शरीरात निसर्गाने घडवलेली वस्तू कोणाच्या मालकीची असू शकत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जून २०१३ रोजी एकमताने दिला, तेव्हा ती मक्तेदारी संपली.

ही लाट सर्व पाश्चात्त्य देशांत सारखी उसळली, असेही नाही. २०१२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या शल्यचिकित्सकांनी आपल्याकडच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना अशी वाढ आढळली नाही. ही 'अमेरिकेत बनलेली' प्रवृत्ती आहे काय, असा प्रश्न त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारला. युरोपातील स्त्रियांनाही कर्करोग होतो, त्यांनाही भय वाटते. फरक रोगात नसून व्यवस्थेत आणि वातावरणात आहे.

मुंबईने दाखवलेली वाट

अमेरिकेतील फॅशन आपल्याकडे यायला हल्ली वेळ लागत नाही. अनेक मराठी घरांतील लेकीसुना तिकडेच स्थायिक आहेत आणि त्यांना हा प्रश्न उद्या थेट विचारला जाऊ शकतो. म्हणून आपल्या हाताशी कोणते ज्ञान आहे, हे ठाऊक असलेले बरे. सुदैवाने त्यातील काही मोलाचे ज्ञान मुंबईतच, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात निर्माण झाले आहे.

डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोग शरीरात आधीच पसरलेल्या ३५० स्त्रियांची चाचणी केली. मूळ गाठ कापून काढल्याने त्या अधिक जगतात का, हा प्रश्न होता. उत्तर आले, नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने अनेक निरर्थक शस्त्रक्रिया टळण्याचा मार्ग मोकळा झाला. याच रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या दुसऱ्या चाचणीत सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती स्थानिक भुलीचे साधे, स्वस्त इंजेक्शन दिलेल्यांपैकी सहा वर्षांनी ९०.१ टक्के स्त्रिया जिवंत होत्या. न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यावर जगात पुढेही तपासणी होत राहील आणि ती व्हावीच. परंतु विचाराची दिशा पाहा. तिकडे प्रश्न होता, आणखी काय कापता येईल? इकडे प्रश्न होता, पेशी पसरू नयेत म्हणून काय करता येईल?

आपली खरी लढाईही वेगळीच आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया दगावल्या. अमेरिकेत नवे रुग्ण आपल्याहून अधिक, पण मृत्यू निम्म्याहूनही कमी. तेथे निरोगी स्तन भयाने कापला जातो. येथे रोगी स्तन लाजेने दाखवला जात नाही. गाठ लागते, बाई कोणाला बोलत नाही, 'दुखत नाही ना, मग राहू दे' म्हणत महिने जातात. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षे चाललेल्या चाचणीत दीड लाखाहून अधिक स्त्रिया सहभागी होत्या. त्यांच्यापैकी एका गटाची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली. या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, जनुकतपासणी नाही. एक शिकवलेला हात आणि एक विश्वासाचा शब्द! दोन्ही स्तन कापून जे साधले नाही, त्याच्याकडे जाणारी वाट या हाताने दाखवली.

आपण काय करावे?

ज्या घरावर हे संकट येईल, त्या घराने शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न शांतपणे विचारावेत. रोग शरीरात पसरला आहे का? स्तन राखून उपचार होऊ शकतो का? दुसऱ्या बाजूला कर्करोग होण्याचा धोका माझ्या बाबतीत नेमका किती आहे? आणि दुसरा स्तन काढल्याने माझे आयुष्य वाढेल, असा पुरावा आहे का? उत्तर अंकांत मागावे. ते मिळाले नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावे. स्तनाच्या कर्करोगात निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामध्ये विचार करण्यापुरते काही दिवस बहुधा असतात. एका रात्रीत निर्णय घेण्याची सक्ती क्वचितच असते. पतीने, भावाने, सासूने या चर्चेत तिच्यासोबत बसावे. 'तुझे तू ठरव' म्हणून बाजूला होऊ नये आणि तिच्या वतीने परस्पर ठरवूही नये.

डॉक्टरमंडळींना नम्र परंतु स्पष्ट विनंती आहे. रुग्ण मागते म्हणून देणे, हा दुकानदाराचा धर्म झाला. घाबरलेल्या स्त्रीला 'ताई, हा अवयव निरोगी आहे, तो काढून तुमचे आयुष्य वाढणार नाही, मी तो काढण्याचा सल्ला देणार नाही' असे तिच्या डोळ्यांत पाहून सांगण्यास फार तर दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांचे मोल किती, हे वर दिलेल्या आकड्यांनी सांगितलेच आहे.

आणि वस्त्यावस्त्यांतून आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, महिला मंडळांनी हा विषय संकोच सोडून बोलता करावा. हळदीकुंकवाला जमलेल्या तीस जणींपैकी एकीने जरी घरी जाऊन लपवलेली गाठ सांगितली, तर त्या दुपारचे सार्थक झाले. वेळीच सापडलेली गाठ लहान असते, तिच्यासाठी स्तनही गमवावा लागत नाही, मग दुसऱ्याची गोष्ट दूरच. निरोगी अवयवावरचे शस्त्र खाली ठेवावयाचे असेल, तर रोगी अवयवाकडे वेळेवर पाहावयास शिकले पाहिजे. ते काम आजपासून, आपल्या घरापासून सुरू करता येईल.